अडलेलं जुनं शिलाई मशीन सोडवताना

माळ्यावरून उतरवलेलं काळं शिलाई मशीन फिरत नाही असं दिसलं की बहुतेक घरांत पहिला उपाय एकच होतो. चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि जोर लावायचा. तरी नाही हललं तर घरातल्या धडधाकट माणसाला हाक मारायची. हा उपाय कधीमधी लागू पडतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण ज्या दिवशी लागू पडत नाही त्या दिवशी अडलेल्या मशीनचं मोडकं मशीन होतं.

चाक मोठं असतं आणि आतला क्रँक, म्हणजे चाकाचं फिरणं सुईच्या वर-खाली हालचालीत बदलणारा भाग, लहान. त्यामुळे हाताने लावलेला जोर सुईच्या दांड्यापर्यंत पोचताना चार-पाच पटींनी वाढतो. सुई अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. मशीनचं ओतीव लोखंडाचं अंग तो सहन करतं. पण आतल्या बारीक कांबी, पिना आणि स्क्रू यांच्यापैकी कोणीतरी वाकतं नाहीतर तुटतं, आणि तुटतं ते नेमकं सगळ्यात अडचणीच्या जागी. म्हणून मशीन अडलेलं असताना चाकाचा उपयोग फक्त चाचपण्यासाठी करायचा. दोन बोटांना जमेल तेवढाच जोर, त्याहून जास्त नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मशीन सगळीकडून एकदम जाम झालंय, असं क्वचितच असतं. आत अनेक सांधे असतात आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले असतात. त्यातले एखाद-दोन धरलेले असतात, बाकीचे बिचारे त्यांच्यामुळे थांबलेले असतात. तो एखाद-दुसरा सांधा शोधला की अर्ध्याहून जास्त काम झालं.

आत काय काय फिरतं

आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं एकाच घडणीची आहेत, सिंगर कंपनीच्या ‘१५ क्लास’ या नमुन्याच्या. जुनी सिंगर बऱ्याचदा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेली असतात. तो कारखाना १८८५ पासून १९८० पर्यंत चालला. पुढे उषाने आणि लुधियानातल्या कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांनी हीच घडण उचलली. याचा फायदा असा की एका मशीनवर शिकलेलं बहुतेक सगळ्यांना लागू पडतं, आणि शटल (खाली झोके घेऊन सुईचा दोरा पकडणारा भाग), बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी), सुई हे आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं.

वरच्या आडव्या भागात एक पोलादी शाफ्ट असतो. उजव्या टोकाला चाक, डाव्या टोकाला सुईचा दांडा आणि दोरा वर ओढणारी पट्टी हलवणारी रचना. उजवीकडच्या उभ्या खांबातून दोन कांबी खाली उतरतात. एक शटलला पुढे-मागे झोका देते. दुसरी दात्यांना पुढे-मागे करते, म्हणजे कापड सरकवते. ही दुसरी वरच्या टोकाला दुबेळक्यासारखी असते आणि टाक्याची लांबी ठरवणारा स्क्रू किंवा दांडी हिलाच आवरते. मशीन मागे कलंडवलं की बैठकीखाली लांब दांडे दिसतात. त्यातले काही दोन टोकांना टोकदार स्क्रूंच्या मध्ये धरलेले असतात. खांबाच्या मागच्या बाजूला एका स्क्रूवर धरलेलं गोल झाकण असतं. ते बाजूला केलं की या दोन्ही कांबींची वरची टोकं दिसतात. अनेक घरांत हे झाकण मशीन आणल्यापासून कोणी उघडलेलं नसतं, आणि आत पाहिलं की तेही कळतं.

काही जुन्या हातमशीनमध्ये, म्हणजे सिंगर २८ किंवा १२८ सारख्यांत, गोल शटल नसतं. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लांबट शटल असतं आणि ते झोके घेतं. वर सरकती पत्र्याची पट्टी असते, ती बाजूला केली की शटल बाहेर काढता येतं. शोधण्याची पद्धत मात्र तीच.

बोटांनी ऐकायचं

काम सुरू करण्याआधी मशीन सुटं करायचं. पायमशीन असेल तर चामडी पट्टा काढायचा. पुष्कळदा वरचं मशीन अगदी मोकळं असतं आणि अडलेलं असतं ते खालचं पायडल किंवा मोठं चाक. मोटार लावलेली असेल तर आधी प्लग भिंतीतून काढायचा आणि मग मोटारीचा पट्टा. जुन्या वायरींचं रबर हात लावताच भुगा होऊन पडत असेल तर ती मोटार वायरमनने पाहीपर्यंत परत जोडायची नाही. हातमशीन असेल तर मुठीचा जोड सोडवायचा, कारण त्या डबीतल्या दातेरी चाकांत घट्ट झालेलं ग्रीसही मशीन अडवून धरतं.

मग सुई काढायची, दोरा काढायचा, कापड दाबून धरणारं फूट वर करायचं, बॉबिन केस काढायची. आता दोन बोटांनी चाक हलवून पाहायचं. इथे तीन प्रकार होतात.

चाक फिरतं, पण एका ठरावीक जागी टक्क होऊन थांबतं. उलट फिरवलं तरी फिरून पलीकडून त्याच जागी येऊन अडकतं. याचा अर्थ वाटेत काहीतरी आडवं आलंय. शटलच्या घरात दोऱ्याचा तुकडा, मोडक्या सुईचं टोक, प्लेटला घासणारे दाते. हे सगळ्यात सोपं.

चाक फिरतं, पण सगळीकडे सारखंच जड. हा घट्ट झालेल्या तेलाचा गुण. नाहीतर कोणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली खालचे टोकदार स्क्रू प्रमाणाबाहेर आवळलेले असतात. त्यांची ओळख सोपी आहे. त्यांच्या खाचा ताज्या ओरखड्यांनी चमकत असतात.

तिसरा प्रकार म्हणजे चाक मुळीच हलत नाही. पण इथेही नीट लक्ष दिलं तर ते बहुतेक वेळा अगदी केसभर हलतं. ही केसभर हालचाल सोन्याच्या मोलाची आहे. चाक तेवढंच पुढे-मागे करत राहायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत जायचं. शाफ्ट हलतोय का? हलतोय. खांबातल्या जाड कांबीचं वरचं टोक? हलतंय. खालचं टोक? तेही. ती कांब ज्या दांड्याला झोका देते तो? तो गप्प. सापडलं. हालचाल जिथे मरते त्याच सांध्यात रोग असतो. या तपासाला कुठलंही हत्यार लागत नाही. टॉर्च आणि थोडा धीर असला की झालं. दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून केला तर फारच छान.

केसभरही हलत नसेल तर मशीनचे भाग पाडत जायचं. आधी चाकाच्या मधला नॉब, जो आपण बॉबिन भरताना सैल करतो, तो सैल करायचा. चाक एकटं फिरायला लागलं तर अडचण आत आहे. चाक तरीही बसलेलंच असेल तर ते शाफ्टवर धरलेलं आहे, आणि आत काय आहे ते अजून कळायचं आहे. मग शटल बाहेर काढायचं. त्याचं कडं काही मशीनवर खिट्ट्यांनी, काहींवर स्क्रूंनी धरलेलं असतं. शटल निघालं आणि चाक सुटलं तर दोष शटलच्या घरात. नाही सुटलं तर डावीकडची नक्षीची प्लेट काढून सुईच्या दांड्याकडे जायचं. त्यानेही उलगडा झाला नाही तरच खांबातून येणाऱ्या कांबीचं खालचं टोक सोडवायचं. त्याने वरचं मशीन आणि खालचं मशीन वेगळं होतं आणि दोष कोणत्या बाजूला आहे हे लगेच कळतं. या शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ फार थोड्या मशीनवर येते.

प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. जुन्या सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. एक हरवला तर त्यासाठी दुसरं मोडीत निघालेलं मशीनच शोधावं लागतं.

तेलाचा गोंद कसा होतो

मशीन वापरात असताना जे तेल त्याला चालतं ठेवतं तेच तेल पडून राहिल्यावर त्याला धरून ठेवतं. पातळ थरातल्या तेलावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि वर्षानुवर्षांनी पिवळट तपकिरी, चिवट, शेवटी कडक असा थर बनतो. स्वयंपाकघरात कढईच्या बाहेरच्या कडेला जो पिवळा, नखाने न निघणारा थर बसतो तो याच जातीचा.

कोणतं तेल घातलं होतं यावर बरंच अवलंबून असतं. मशीनसाठी मिळणारं पातळ, बिनरंगी खनिज तेल सर्वांत सावकाश बिघडतं. खाण्याची तेलं फार लवकर बिघडतात, आणि आपल्याकडे मशीनचं तेल संपलं की स्वयंपाकघरातली बाटलीच आणली जायची. करडई आणि जवस ही तर सुकणारी तेलं. म्हणूनच ती रंगात आणि व्हार्निशमध्ये वापरतात. एखाद्या मशीनमध्ये करडईचं तेल गेलं असेल तर तुम्ही त्याला आतून व्हार्निश लावून ठेवलंय असंच समजा. खोबरेल तसं कडक सुकत नाही, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत सकाळी मशीन जड चालतं आणि दुपारी हलकं होतं, अशी तक्रार असेल तर संशय खोबरेलावर घ्यावा. या तेलात कापडाचा बारीक लोकरीसारखा भुसा मिसळला की त्याचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. दात्यांखाली तो इतका दाबून बसतो की दाते पुरते खालीच जाऊ शकत नाहीत.

गंजाची तऱ्हा निराळी. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं. शाफ्ट आणि त्याच्या भोकात मुळात फट असते ती केसाहूनही बारीक. तिथे गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखं होतं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत सुईच्या दांड्याचा उघडा भाग सर्वांत आधी गंजतो. पण सुदैवाने शाफ्टच्या आत बहुधा जुन्या तेलाचा गोंद असतो, आणि तो गोंद तिथे पाणी पोचू देत नाही. त्यामुळे बाहेरून भयंकर गंजलेलं मशीन आतून फक्त चिकटलेलं निघतं, असं पुष्कळदा होतं. बाहेरचं रूप पाहून निकाल देऊ नये.

थेंब, ऊब आणि वाट पाहणं

धरलेला सांधा सोडवायला तीन गोष्टी लागतात. तेल आत शिरलं पाहिजे, गोंद मऊ झाला पाहिजे आणि दोन भागांत किंचित हालचाल झाली पाहिजे. यातली कुठलीच गोष्ट घाईने होत नाही.

तेल आत शिरतं ते केशाकर्षणाने. फट जितकी बारीक तितकं ते आत ओढलं जातं, पण सावकाश. म्हणून एकदम भरपूर ओतण्यापेक्षा नेमक्या जागी थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा घालणं कामाला येतं. औषधाच्या दुकानात मिळणारी इंजेक्शनची सिरिंज यासाठी तेलाच्या कुपीहून बरी. तिने एकेक थेंब हव्या त्या फटीत सोडता येतो. स्प्रेचा डबा घेऊन सगळं मशीन भिजवणारे लोक मला कळत नाहीत. टेबल, रंग आणि फरशी भिजते, सांध्यात जेमतेम थेंब जातो.

काय घालायचं? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचे कारागीर रॉकेल वापरत आले आणि त्यात चूक काही नाही. रॉकेल पातळ असतं, आत शिरतं, गोंद मऊ करतं. पण ते वंगण नव्हे. उडून गेलं की मागे कोरडं, उघडं पोलाद राहतं आणि त्यावर मशीन चालवलं तर ते खात जातं. म्हणून रॉकेलने धुतल्यावर मशीनचं तेल घालायलाच हवं. डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दलही तेच. त्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी हे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’चे, म्हणजे पाणी हटवण्याचे आहेत. सोडवायला ते चालतं, कायमचं वंगण म्हणून चालत नाही. रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही. मग घट्ट स्क्रू सोडवण्यासाठी मिळणारं पेनिट्रेटिंग ऑइल घ्यावं. काहीच नसेल तर मशीनचं साधं तेलसुद्धा काम करतं, फक्त दिवस जास्त घेतं. रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरातलं पोर पाणी समजून पितं आणि दवाखाना गाठावा लागतो. काम खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि देवापुढच्या दिव्यापासून लांब करा. भिजलेल्या चिंध्या घरात ढिगाने ठेवू नका.

आणि मशीनच्या सोनेरी नक्षीला जपा. जुन्या सिंगरची नक्षी ही कागदावरून उतरवलेली असते आणि तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांपैकी काहीही त्यावर गेलं की लाख विरघळते, नक्षी धूसर होते आणि ती परत येत नाही. रंगावर आधी साध्या मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवला तर सांडलेलं रॉकेलही पटकन पुसून घेता येतं.

ऊब द्यायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. लोक म्हणतात उष्णतेने भोक मोठं होतं आणि शाफ्ट सुटतो. हिशेब केला तर १० मिलिमीटरचं भोक ५० अंशांनी तापवून पाच-सहा हजारांश मिलिमीटरच वाढतं, आणि आतला शाफ्टही थोडाफार तापून तसाच वाढतो. खरा फायदा वेगळा आहे. उबेने गोंद मऊ होतो आणि तेल पातळ होऊन आत पळतं. म्हणून अंग हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवायचं, थेंब सोडायचा आणि ते थंड होऊ द्यायचं. थंड होताना तेल आत ओढलं जातं. गॅसची बत्ती किंवा स्टोव्ह यांची गरजही नाही आणि परवानगीही नाही. पेनिट्रेटिंग ऑइल किंवा रॉकेल घातलेल्या जागी ज्योत नेणं म्हणजे सरळ आग. ओतीव लोखंड एकाच जागी फार तापलं तर तडकतंही.

हालचाल म्हणजे पुन्हा तेच दोन बोटांचं चाचपणं. चाक पुढे-मागे, जोर वाढवायचा नाही. शक्य असेल तर चाकाऐवजी धरलेल्या भागालाच हात घालायचा. खालचा दांडा अडला असेल तर दांडाच हलवून पाहायचा. हलकी ठोक द्यायची तर लाकडी ठोकळ्यावरून, आणि तीही पोलादी भागावर, ओतीव अंगावर कधीच नाही. ओतीव लोखंड दाब सोसतं, ठोका सोसत नाही.

मग झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेल, ऊब, दोन बोटं. कधी एका रात्रीत सुटतं, कधी महिना घेतं. आज केसभर हलणारं चाक उद्या नखभर हललं तर सगळं ठीक चाललंय. एकदा हालचाल सुरू झाली की ती वाढतच जाते.

नेहमीच्या अडलेल्या जागा

सगळ्यात जास्त दगा देते ती चाकामागची जागा. सुटलेला दोरा शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत चाक आणि अंग यांच्यामध्ये शिरतो आणि घट्ट बांधून टाकतो. बाहेरून काही दिसत नाही. नॉबवरचा छोटा स्क्रू सोडवून नॉब काढायचा, चाक सरळ बाहेर ओढायचं आणि चिमट्याने दोरा उलगडायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून चाक उचकटायचं नाही. परत बसवताना नॉबमागच्या पातळ चकतीकडे लक्ष हवं. तिला आतल्या बाजूला दोन कान असतात. ती विरुद्ध बाजूने बसली तर नॉब कितीही आवळला तरी चाक नुसतंच घसरतं, किंवा बॉबिन भरायला सैल केला तरी चाक सुटत नाही. चकती अर्धा फेरा फिरवून बसवली की झालं. यासाठी मेकॅनिककडे मशीन नेलेले लोक कमी नाहीत.

शटलच्या घरात एक इंचभर दोराही मशीन थांबवायला पुरतो. तो ओढायचा नाही, ओढला की तो अजून आत शिरतो. एक थेंब तेल, चाक किंचित मागे-पुढे, आणि टोक दिसलं की चिमटा.

स्क्रूच घट्ट बसला असेल तर त्याच्या खाचेत बरोबर बसणारा, दोन्ही बाजू समांतर असलेला स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. निमुळत्या पात्याचा घेतला की तो निसटून खाच खातो. थेंब सोडून थांबावं. मग ड्रायव्हर खाचेत ठेवून त्याच्या मुठीवर लाकडाने हलकेच टकटक करावी, आणि सोडवण्याआधी एकदा आवळण्याच्या दिशेने किंचित दाब द्यावा. त्याने धरलेली कड तुटते आणि मग स्क्रू सहज उलटा फिरतो. फारच हट्टी असेल तर इलेक्ट्रिकवाल्याकडचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्याला मिनिटभर टेकवावा. उष्णता नेमकी स्क्रूतच जाते, रंगाला बाधा होत नाही. पेनिट्रेटिंग ऑइल किंवा रॉकेल घातलेलं असेल तर ते आधी पुसून, उडून जाऊ द्यायचं.

सुईचा दांडा धरला असेल तर त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून तेल द्यायचं, कारण तो दोन भोकांतून जातो आणि अडलेलं कोणतं ते सांगता येत नाही. इथे एक मोह होतो. दांड्याला क्रँकशी जोडणारा स्क्रू सैल केला तर दांडा मोकळा होईल आणि अडचण लगेच दिसेल. होईल खरा, पण त्या स्क्रूवर दांड्याची उंची ठरते, आणि उंचीवर सगळं शिवण ठरतं. सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो, आणि नेमका त्याच क्षणी शटलचं टोक सुईच्या भोकाच्या जरा वरून जाऊन तो फास पकडतं. दांडा थोडा जरी वरखाली झाला तरी टोक रिकामं जातं आणि टाका सुटतो. म्हणून स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी दांड्यावर मार्करने खूण करावी. बऱ्याच जुन्या सिंगरच्या दांड्यावर कारखान्याने कोरलेल्या दोन रेघा असतात. त्या याच कामासाठी आहेत.

दांड्यावर गंज असेल तर सर्वांत बारीक स्टील वूल तेलात बुडवून घासावं. पॉलिश पेपर नको. गंजाबरोबर पोलादही निघतं, मग दांडा भोकात डुलायला लागतो आणि त्याला काही इलाज नसतो.

टाक्याची लांबी बदलणारी दांडी अडण्याचं कारण अगदी साधं असतं. घरातल्या माणसाने वर्षानुवर्षं एकाच लांबीवर शिवलेलं असतं. जो भाग हलतच नाही तोच पहिला चिकटतो. खांबाच्या मागचं गोल झाकण उघडून दुबेळक्याच्या कांबीला आणि दांडीच्या मुळाशी तेल द्यायचं. दांडीच्या टोकाला धरून जोर केला तर ती वाकते, मुळापाशी बोट ठेवून हलवायची. फूट खाली न येणं हाही याच जातीचा प्रकार. स्प्रिंगमध्ये जोर असतो, पण दांडा भोकात चिकटलेला असतो.

पुरात बुडालेलं मशीन

सांगली-कोल्हापूरचा २०१९चा पूर असो की चिपळूणचा २०२१चा, पाणी ओसरल्यावर चाक फिरवून पाहण्याचा मोह होतो. तेवढं करू नका. आत गेलेला गाळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती फिरवली की शाफ्ट आणि भोकं दोन्ही घासली जातात. लोखंडाला पाणी लावायचं ऐकून विचित्र वाटेल, पण पुराच्या मशीनला आधी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं असतं, गाळ पूर्ण निघेपर्यंत. मोटार असेल तर ती आधीच काढून वेगळी ठेवायची. मग लगेच उन्हात किंवा ड्रायरने सुकवायचं, पाणी हटवणारा स्प्रे किंवा रॉकेल प्रत्येक सांध्यात घालायचं, आणि त्याच दिवशी मशीनचं तेल. आठवडा गेला तर गंज आपलं काम करून बसतो.

सुटल्यावर

चाक पूर्ण फेरा फिरलं की लोक आनंदाने शिवायला बसतात. थांबा. आतला गोंद फक्त मऊ झालाय, गेलेला नाही. असंच ठेवलं तर महिन्याभरात पुन्हा धरेल. प्रत्येक सांध्यात रॉकेल घालून चाक भरपूर फिरवायचं, बाहेर येणारा तपकिरी चिखल पुसायचा, आणि तो स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग मशीनचं तेल. जिथे धातूवर धातू घासतो तिथे एक थेंब. वरच्या भागात तेलासाठी भोकं असतात, ती भुशाने बुजलेली असतात, सुईने मोकळी करावीत. दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत, पट्ट्यावर आणि बॉबिन भरायच्या रबरी कड्यावर तेल नको.

टोकदार स्क्रूंवर धरलेला दांडा दोन्ही कसोट्यांवर उतरला पाहिजे. बोटाने हलवला तर स्वतःच्या वजनाने खाली पडावा, पण आडवा ढकलला तर खुळखुळू नये. स्क्रू किंचित सैल करून पुन्हा आवळत ही जागा हाताने शोधावी लागते, आणि मग स्क्रू जागेवर धरून ठेवणारा लॉकनट आवळताना स्क्रू हलू द्यायचा नाही. मशीन सगळीकडे जड फिरत असेल तर पुष्कळदा इथेच उत्तर मिळतं.

एखादं अडलेलं मशीन चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळत असेल आणि घ्यावं की नाही असा प्रश्न असेल, तर चिकटलेल्या चाकाला घाबरायचं कारण नाही. टॉर्च घेऊन ओतीव अंगाला तडा आहे का ते पाहावं, विशेषतः खांबाच्या बुंध्याशी आणि बैठकीच्या बिजागरीपाशी. तडा असेल तर सोडून द्यावं. सुईचा दांडा वाकलेला असेल किंवा शटलला झोका देणारा चालक मोडलेला असेल तर किंमत पाडून घ्यावं, भाग मिळतात. चिकटलेलं मशीन मात्र जवळजवळ नेहमीच सुटतं.

पहिल्या शिवणीला नवी सुई लावा, जुनी सरळ दिसली तरी. १५ क्लासच्या मशीनवर सुईची चपटी बाजू तुमच्या उजवीकडे, खांबाच्या बाजूला येते आणि दोरा डावीकडून ओवला जातो. उलटी बसवली तर एकही टाका पडत नाही आणि आपण उगाच शटलला दोष देत बसतो. चाकाची वरची कड आपल्या अंगाकडे येईल असंच फिरवायचं. पायडलवर नवखा पाय असेल तर ते सुरुवातीला हमखास उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. पहिले काही दिवस सुईच्या दांड्यावरून तेल ओघळत राहील, तेव्हा नव्या ब्लाउजपीसवर हात आजमावू नका. जुन्या चादरीचे तुकडे शिवत राहा आणि रात्री फुटाखाली एक चिंधी दाबून ठेवा. तिच्यावर डाग पडेनासा झाला की चांगलं कापड घ्यायला हरकत नाही.